आईचे अकरा सेकंद

मैत्रिणीच्या आईने मला चक्कीवर गाठलं. दळणाचा डबा खाली ठेवला, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाली, "तुझ्या मायचं भलं हो, पोरी. आमच्या पोरीच्या गोळ्या सुटल्या."

"कोणत्या गोळ्या, मावशी?"

"सिकलसेलच्या, दुसऱ्या कोनत्या? बाईनं फोनात सांगतलं नं, बंद करा म्हणून. त्याच दिवशी बंद केल्या. पुडी मागवली. एकोणीस दिवस झाले आज."

गावात बाई म्हणजे माझी आई. अंगणवाडीत तिच्या हाताखालून अख्खा मोहल्ला गेला, त्यामुळे निवृत्त झाली तरी ती सगळ्यांची बाईच. आणि मावशीची मुलगी म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिला जन्मापासून सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार समजावून सांगावा लागत नाही; कोणाच्या ना कोणाच्या घरी तो असतोच. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडांत अशी कळ उठते की माणूस ओरडायचंही विसरतो. थंडी पडली, पाणी कमी प्यालं, जास्त काम झालं, की भीती. रोजच्या गोळीने तिची ही भीती बरीच आवरून धरली होती. गोळी सुरू झाल्यापासून ती घरात शिलाई मशीन चालवत होती, गावभरच्या बायांचे ब्लाऊज शिवत होती, आणि आम्ही दोघी तळ्याच्या पाळीवर बसून लोकांची टिंगल करत होतो.

आणि आता डिसेंबर होता. सकाळी तळ्यावरून येणारं वारं कानाला झोंबत होतं.

"आईनं असं कधीच सांगितलं नाही, मावशी."

"मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

"मग घरी यायचं होतं नं विचारायला!"

मावशी हसली. "शंका असती तं आली असती. बाईवर कायची शंका?"

हे वाक्य ऐकून मला चक्कीच्या गरम पिठात हात घालूनही थंडी वाजली. कारण 'शंका असल्यास घरी या' ही ओळ आमच्याच घरची होती.

माझं लहानपण पत्रकांवर गेलं. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, त्यांचीच कव्हरं वह्यांना घातली. आई पत्रकं लिहायची: लहान वयात लग्न लावू नका, साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेऊ नका, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा. तालुक्याच्या प्रेसवर पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर ती छापली जायची, आणि आम्ही आठवडी बाजारात ती वाटायचो. आईचे नियम पक्के. खाली आपलं नाव आणि गाव लिहायचं. बिननावाचा कागद हातात घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही. त्याखाली ती ओळ, शंका असल्यास घरी या. लोक खरंच यायचे. चहा प्यायचे, भांडायचे, कधी पटून जायचे.

तिचा सगळ्यात आवडता नियम मात्र वेगळा होता. समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं. त्याच्याच शब्दांत, पूर्ण, मोठ्या टायपात. त्याला लंगडं करून मांडायचं नाही. मग खाली एकेक मुद्दा घेऊन ते खोडायचं. "आपण त्याचं अर्धंच सांगतलं तं आपण भ्यालो असं होते," ती म्हणायची. मी याच नियमावर मोठी झाले. कॉलेजात वादविवादाला उभी राहिले की विरोधकाचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडून मग तो फाडायचे. मला त्याचा गर्व होता.

चक्कीवरून मी दळण न घेताच घरी आले. मावशीच्या फोनवर जे दिसलं होतं ते मला शोधावं लागलं नाही. सिकलसेल हा शब्द मी एकदाच टाकला, आणि दोन व्हिडिओंनंतर आई समोर आली. आमच्याच अंगणात, निळ्या लुगड्यात, हातात पिवळं पत्रक घेऊन. ती ठणठणीत आवाजात म्हणत होती: "सिकलसेल मुळापासून बरा होते. दवाखान्याच्या गोळ्या आजच बंद करा. आमच्या झाडपाल्याची पुडी घ्या, पोरगी तीन महिन्यांत पळाले लागते." एवढं बोलून तिने श्वास घेतला, आणि व्हिडिओ तिथेच संपला. खाली हिरवं बटण होतं, 'मागवा'. मी वेळ पाहिली. अकरा सेकंद.

आवाज खोटा नव्हता. चेहरा खोटा नव्हता. काहीही बनवलेलं नव्हतं. उन्हाळ्यात मीच तो व्हिडिओ काढला होता.

पत्रकं आता कोणी वाचत नाही, मोबाइलवर ये, असं मीच तिच्या मागे लागले होते. पेज मी काढलं. पेजवर तिचं नाव, गाव, सगळं घातलं, कारण बिननावाचं काही करायचं नाही. व्हिडिओ कोणीही घ्या, कोणालाही पाठवा, असंही लिहिलं. ती आधी हळू बोलत होती तर मीच ओरडले होते, "आई, जोरात! पुडीवाले बोलतात तसं!" मग तिने नक्कल केली. हुबेहूब. आणि श्वास घेऊन, चष्मा वर सारून पुढचं बोलली: "असं सांगणारे तुमच्या दारात येतील. त्याईले विचारा, तुमचं नाव काय, गाव काय..." पुढे सव्वाचार मिनिटं तिने त्या दाव्याच्या चिंध्या केल्या होत्या. कोणीतरी कुठेतरी बसून ती सव्वाचार मिनिटं कापून फेकली, आणि अकरा सेकंद ठेवले.

मी आईला ते दाखवलं. ती गॅससमोर उभी होती. तिने पूर्ण पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि गॅस बंद केला.

"पुढचं कुठं आहे?"

"कापलं."

"अन् तिनं गोळी सोडली?"

"एकोणीस दिवस झाले."

आईने लुगड्याला हात पुसले. ते कोरडे झाले तरी पुसत राहिली. पत्रकांवरून लोक घरावर चाल करून आले होते तेव्हाही मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही तशाच मावशीच्या घरी गेलो. मैत्रीण ओसरीवर उन्हात मशीन घेऊन बसली होती, अंगावर शाल, डोळ्यांत फिकट पिवळेपणा. मला बघून म्हणाली, "आली का पेजवाली? काय वो, आज मायलेकी दोघी? लग्नाचं पत्रक काढून रायल्या का माझ्या?"

आई मावशीसमोर बसली आणि सरळ बोलली. व्हिडिओ अर्धा आहे, मी असं म्हटलं नाही, पुडी आत्ता बंद कर, उद्या हिला दवाखान्यात दाखवू आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी सुरू करू.

मावशीने सगळं ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमच्यावर कोनी दबाव टाकला का?"

"दबाव?"

"दवाखान्याच्या साहेबाईनं? तुम्ही खरं बोलल्या म्हणून?"

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. माझी आई तिच्यासमोर बसली होती, तिच्या हाताला हात लावून बोलत होती, आणि तिला फोनातली आई जास्त खरी वाटत होती. फोनातली आई ठाम होती, खणखणीत होती. समोरची घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवतं?

"मी तुमच्या घरी बसून सांगून रायली," आई म्हणाली.

"तवाही तुम्हीच सांगतलं, बाई. आता मी कोनत्या बाईचं ऐकू?"

मैत्रिणीने मशीन थांबवलं. "माय, पूर्ण व्हिडिओ पाहून घे नं. हिच्या पेजवर असंल." मग माझ्याकडे वळून, "आहे नं? दाखव."

मी फोन काढला. आमचं पेज उघडलं. पूर्ण व्हिडिओ होता, पण नेट नव्हतं. चाक फिरत राहिलं. मावशी उठून आत गेली. "पाहू उद्या," आतून म्हणाली.

घरी येऊन मी तक्रारीला लागले. जाहिरातीवरच्या तीन टिंबांना दाबून, दिशाभूल करणारी, आरोग्याला धोका, असं एकेक निवडत गेले. काही मिनिटांतच उत्तर आलं: आमच्या नियमांविरुद्ध यात काही आढळलं नाही. तुमचा अनुभव सुधारण्यासाठी तुम्ही ही जाहिरात लपवू शकता. लपवू शकता! माझ्या डोळ्यांपुढून लपवली की मैत्रिणीच्या रक्तातून निघणार होती का? मी पुन्हा पाठवली. तेच उत्तर, त्याच शब्दांत. कोणाचं नाव नाही, गाव नाही. शंका असल्यास कुठे जायचं? मी आयुष्यात बाबूंशी भांडले आहे, दारूवाल्यांशी भांडले आहे. त्यांना तोंड होतं. इथे ओरडायला तोंडच नव्हतं.

एक रस्ता उरला होता: 'कोणीतरी माझ्या ओळखीचा वापर करत आहे'. तिथे अट होती. आईने आपलं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी चढवायचं आणि चेहरा सगळ्या बाजूंनी फिरवून व्हिडिओ द्यायचा.

मागच्या वर्षी याच गोष्टीविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. आपला चेहरा, आपला अंगठा कंपन्यांना देऊ नका. चोरी झाली तर कुलूप बदलता येतं, चेहरा बदलता येत नाही. नवेगावच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं होतं. ज्यांनी चोराला आईचा चेहरा विकू दिला, तेच आता तो परत मिळवायचा तर पूर्ण चेहरा द्या म्हणत होते.

"मी नाही देणार," मी म्हणाले. "हे त्यांचं काम आहे. आपण काऊन द्यायचा?"

आईने अंगणात खुर्ची टाकली. "धर फोन."

"आई, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व माझं आहे, तोंडही माझं आहे. तिची हाडं तिची आहेत. धर."

मी धरला. पडद्यावर गोल आला, त्यात आईचा चेहरा. हळू डावीकडे वळा. उजवीकडे वळा. पुरेसा उजेड नाही. चष्मा काढा. डोळे पूर्ण उघडे ठेवा. आईचा एक डोळा थोडा मिटलेलाच असतो, लहानपणापासून. डोळे पूर्ण उघडे ठेवा. तिने बोटांनी पापणी वर धरली. चेहऱ्यावरून हात काढा. पाच वेळा, सहा वेळा. अंगणवाडीत शेकडो लेकरांना 'मान इकडं, मान तिकडं' शिकवणारी माझी आई ऊन उतरेपर्यंत त्या गोलात मान फिरवत राहिली. शेवटी तो गोल हिरवा झाला. मला हायसं वाटलं नाही. कोणीतरी घरात शिरून सगळी कपाटं पाहून गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा जुळत नाही. संशयास्पद हालचालीमुळे तुमचं पेज बंद करण्यात आलं आहे.

आमचं पेज. त्यावरचा पूर्ण व्हिडिओ. फोनमधली मूळ फाइल मी पावसाळ्यातच जागा पुरत नाही म्हणून काढून टाकली होती. आता ती सव्वाचार मिनिटं कुठेच उरली नव्हती. अकरा सेकंद मात्र चालू होते. मी पाहिलं, त्याखाली आणखी लोकांनी हात जोडले होते. आईने कधी असं म्हटलं नाही हे दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मला त्या क्षणी अशी भीती वाटली की मीच विसरून जाईन, पुढे ती काय म्हणाली होती ते. मी वही काढली आणि आठवेल तसं लिहायला बसले.

तिसरी ओळ लिहीत होते तेव्हा फाटक वाजलं. मावशी अनवाणी पळत आली होती. फाटकाच्या आत येऊन उभी राहिली, पुढे येईना.

"बाई," ती म्हणाली, "मी घरी आली."

एवढंच. आईने चप्पल घातली.

मैत्रीण खाटेवर वाकडी पडली होती. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाऊज तसाच, सुई कापडात. ती ओरडत नव्हती. दातांनी शालीचं टोक धरलं होतं. मी जवळ गेले तर तिने माझं मनगट धरलं, आणि तिच्या बोटांत इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्याच्या ऑटोत तिला घातलं. दोन्ही बाजूंनी चादरी लावल्या तरी वारं आत येतच होतं. ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावलं आणि लगेच गोंदियाला न्या म्हणाले. अँब्युलन्समध्ये मावशीने पदराची गाठ सोडून पुडी काढली.

"अजून एक देऊन पाहू का, बाई?"

आईने पुडी तिच्या हातून घेतली. उलटीपालटी केली. चकचकीत कागद, हसणारी एक मुलगी, पानाफुलांची नक्षी. नाव नाही, गाव नाही. आईने ती रागाने फेकली नाही. डॉक्टरांना दाखवायला म्हणून पिशवीत ठेवली, आणि पूर्ण रस्ताभर ती पिशवी अंगापासून दूर धरून बसली.

मी मैत्रिणीच्या पायाशी होते. मध्येच ती पुटपुटली. मी कान नेला. "ब्लाऊज... सरपंचीनचा. सांगजो तिले, बाह्या राह्यल्या."

"गप वो."

"रडू नको. तुझं तोंड रडल्यावर भलतं दिसते."

मला सारखं वाटत होतं, ती एखाद्या वाक्याच्या मध्येच थांबेल.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कधीपासून बंद? मावशीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "वीस दिवस होतील. माझ्यामुळं." डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, पण त्यांना वेळ नव्हता. दुखण्याची इंजेक्शनं, ऑक्सिजन, संध्याकाळी रक्त. छातीत कफासारखं काही दिसतंय, चोवीस तास सांगता येत नाही, म्हणाल्या. ते चोवीस तास मी लिहिणार नाही. मला ते लिहिता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. मग मला म्हणाली, "तुझे केस विंचर, भूत वाटून रायली." मावशी वॉर्डाच्या दारात बसून मोठ्याने रडली.

त्याच दुपारी, आई बाहेरून चहा घेऊन येत होती तेव्हा, पलीकडच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने तिचा पदर धरला. मांडीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, हाताला सलाइन.

"आप वही हो ना? वीडियो वाली बाई?"

आई जागच्या जागी थांबली.

"हमने भी मँगाया है," ती बाई आनंदाने म्हणाली. "कल ही घर पे आया. यहाँ से छुट्टी होते ही शुरू करेंगे, गोली बंद करके."

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस फक्त एका खाटेची भीती बाळगून होते. माझी नजर वॉर्डभर फिरली. प्रत्येक उशीजवळ एक फोन होता. कोणाकोणाच्या फोनात माझी आई अकरा सेकंद बोलली असेल? गोंदियाच्या बाहेर, भंडाऱ्यात, नदीपार बालाघाटकडे? त्यांच्यापैकी कोणाच्या घरी आमचं पत्रक कधी पोचणार होतं?

आईने चहा खिडकीत ठेवला आणि त्या बाईच्या खाटेवर टेकली.

"हाँ, मैं वही हूँ," आई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "मेरी बात पूरी नहीं हुई थी. बीच में काट दी. आगे की सुनो." आणि तिने सांगायला सुरुवात केली. चष्मा वर सारून, उन्हाळ्यात अंगणात बोलली होती तेच, त्याच क्रमाने. फरक एकच होता. या वेळी तिने पुडीवाल्यांचं म्हणणं आधी मांडलं नाही. पहिलं वाक्यच होतं, "गोली बंद मत करना." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिला समोरच्याचं म्हणणं गाळताना ऐकलं. ती भ्याली होती.

तिथून ती पुढच्या खाटेकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. काहींनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता, ते नुसते बघत राहिले. एका म्हाताऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर वीडियो में तो आपने..." आईने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी मागे वही घेऊन उभी होते. ती विसरली तर आठवण द्यायला. ती विसरली नाही.

नर्सने येऊन दटावलं, इथे भाषण चालणार नाही. आई म्हणाली, "भाषण नाही, सिस्टर. राह्यलेलं सांगून रायली." नर्सने थोडा वेळ ऐकलं आणि दुसऱ्या दाराने निघून गेली.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहून गोळी परत सुरू करायला सांगितली. मावशीने ती स्वतःच्या तळहातावर घेतली. आईकडे पाहिलं, खूप वेळ, पडद्यावर पाहावं तसं नाही, पूर्ण.

"देऊ नं, बाई?"

"दे."

मैत्रिणीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली, आणि जीभ बाहेर काढून आम्हाला दाखवली, अंगणवाडीत खाऊ संपवल्यावर दाखवायची तशी. मावशीने तरीही तिचं तोंड धरून आत वाकून पाहिलं.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा फोन तेव्हा वाजत होता. एकामागून एक काहीतरी लागत होतं, गाणी, स्वयंपाक, कोणाचं लग्न. मग अचानक आईचा आवाज आला, ठणठणीत. त्या बाईने घाईने फोन उलटा केला. पण आवाज थांबला नाही. आम्ही सगळ्यांनी, खाटेवरच्या माझ्या मैत्रिणीनेही, श्वास घेण्याच्या जागेपर्यंत तो ऐकला.

आई उठली आणि पुढचं बोलू लागली.